आशूची होडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गावी आईशी रोज फोनवर बोलतो, तिलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसून माझ्या तोंडाकडे बघणार नाही. शाळा सहावीतच सुटली, त्यामुळे लिहायला वेळ लागतो — मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी मूळचा मालवणकडचा. बारा वर्षं झाली, इथे राहुरी तालुक्यात, मुळा धरणाच्या काठावर एका साहेबांच्या शेतघरावर कामाला आहे. आलो तेव्हा काविळीनं पिवळा पडलो होतो, दारात कुणी उभं करत नव्हतं. साहेबांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मग काम दिलं, खोली दिली, बायकोलाही इकडे बोलावून घ्यायला लावलं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? मला तर कुणालाच नाही म्हणता येत नाही. सतत वाटतं, एक दिवस यांना कळेल की आपण कसला माणूस ठेवलाय.

साहेबांना शिडाच्या होडीची फार हौस. नवी परवडत नाही म्हणून जुनी शोधत होते. धरणाच्या पलीकडच्या काठाला एका निवृत्त मास्तरांकडे होती — फायबरची, दोन माणसांची, ट्रेलरसकट. जीपमागे लावायची आणि न्यायची. साहेब म्हणाले, "तू दर्यावरचा, तूच बघून सांग."

बघितली. तळाला बोटांची पेरं वाजवून पाहिली, सुकाणू हलवलं, शीड उलगडलं. सगळं ठीक. फक्त ताडपत्रीखाली, बसायच्या फळीवर, एक चादर घडी करून ठेवलेली होती आणि शेजारी पाण्याचा तांब्या. भरलेला. होडी जमिनीवर, चाकांखाली दगड लावलेले — आणि आत कुणाचं तरी रोजचं बसणं.

मास्तरांनी काही लपवलं नाही. त्यांचा मुलगा आशिष ह्याच होडीतून गेला होता. होडी उलटी सापडली, तो सापडला नाही. दोन वर्षं झाली. चर्चच्या भिंतीला नाव कोरलेला दगड टेकून ठेवलाय, पण बायको बसवू देत नाही, प्रार्थना होऊ देत नाही. रोज दुपारी त्या होडीत जाऊन बसते. "होडी दारातून गेली की ती मानेल," मास्तर म्हणाले. "नाहीतर मीसुद्धा एक दिवस तिच्या शेजारी जाऊन बसेन."

मी साहेबांना म्हणालो, घ्या, चांगली आहे.

साहेब आणि मास्तर ट्रेलर जोडत होते तेव्हा मास्तरांच्या बायकोनं, मावशींनी, माझं मनगट धरलं. एप्रिलचं ऊन, आणि हात गार.

"दादा, तुमी समुंद्राकडचं. पान्यात गेलात की आशूला हाक मारा. दर टायमाला, यकदाच. तो आईकतो, पन आमाला काय कळत न्हाई. ओ आली तर मला फोन करा."

मी होय म्हणालो.

आमच्याकडे पाण्यानं नेलेल्या माणसाला पाण्यावरून हाक मारत नाहीत. नाव घेतलं की त्या हाकेच्या वाटेनं ते येतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी चाळिशीचा माणूस — पण खरं सांगू? होडीत पाय ठेवला की नाव ओठांवर यायच्या आधीच मी शिडाची दोरी ओढायला लागायचो.

होडी आणली त्या दिवशी शेजारच्या रानातला वाटेकरी बांधावरूनच ओरडला, "काय कोकनी पाव्हनं, धरनात आता बांगडं सोडता का काय?" कुणाची होडी ते सांगितल्यावर हसायचा थांबला. पुन्हा शेडकडे फिरकला नाही.

वारा पडला की होडी आपोआप वळायची. नेहमी एकाच बाजूला — जिथे पाणी उतरल्यावर बुडालेल्या बाभळींचे शेंडे दिसतात. साहेब हसायचे. मी वल्हं मारून तोंड फिरवायचो, ती परत तिकडेच. सुकाणू दोरीनं मधोमध बांधून शेडमध्ये ठेवायचो, सकाळी ते एका अंगाला कललेलं असायचं. फळीवर हाताच्या पंजाएवढी ओल. दव असेल, म्हणायचो. मे महिन्यात, पत्र्याखाली?

मावशींचा फोन दर रविवारी यायचा, उपासना सुटल्यावर. "मारली का हाक?" मारली. "मंग?" काही नाही, मावशी. मागे कोंबड्यांचा आवाज.

एकदाही मारली नव्हती. पण ह्या खोट्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. उत्तर तर खरंच होतं ना — काही नाही?

मग एका रविवारी त्या म्हणाल्या, "मास्तर म्हनत्यात, फुडल्या आयतवारी दगड बसवू. म्या व्हय म्हनले. तुमी आज शेवटची हाक मारून या. पुन्हा न्हाई इचारनार."

मी काठावर गेलो. होडीत चढलोच नाही. दहा मिनिटं पाण्याकडे बघत उभा राहिलो आणि फोन लावला. नाही, एवढंच सांगायचं होतं. तिकडे पहिली रिंग पुरती वाजायच्या आत उचलला गेला.

आणि मी म्हणालो, "ओ आली, मावशी."

का? दयेनं, असं लिहिलं तर तुम्ही मानाल. पण तसं नव्हतं. जन्मभर मी दुसऱ्यांचे उपकार मानत आलो. एकदा, एकदाच, कुणीतरी माझे मानावेत असं वाटलं. त्यांनी मानले. रडत रडत मानले. मला बरं वाटलं — हे लिहायचं नव्हतं, पण वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच स्कूटरवरून आले. भर दुपारी. साहेब ओसरीवर होते. मास्तरांनी पाणीही घेतलं नाही. म्हणाले, "तिनं दगड नको म्हणून सांगितलं. तुम्ही खरंच ऐकलंत? माझ्याकडे बघून सांगा."

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. पण साहेब बघत होते.

"ऐकलं, मास्तर."

मला वाटलं, मास्तर माणूस, वर्गात पोरांचं खोटं पकडलेला, आता चिडतील. ते जवळ आले. हळूच विचारलं, "आवाज कसा होता?"

"दमलेला," मी म्हणालो.

दगड अजून भिंतीलाच टेकलेला आहे. आता दोघंही येतात, दर रविवारी, डबा घेऊन. साहेबांनी त्यांच्यासाठी काठावर दोन खुर्च्या ठेवायला सांगितल्यात. त्या मीच नेऊन ठेवतो. आधी मावशी हाक मारतात, मग मास्तर. पाणी हलत नाही. मग दोघं वळून माझ्याकडे बघतात, कारण ऐकू येतं ते फक्त मला.

गेल्या रविवारी मावशींनी विचारलं, "आजबी दमल्यालाच व्हता का वो?"

मी म्हणालो, आज जरा बरा वाटला.