पाऊस तांबड्या पेशीत दिसतो

मयेकर काका गेल्याचा फोन आला तेव्हा लॅबमध्ये रक्त द्यायला सहा माणसं बसली होती. त्यांच्या सुनेचा आवाज फार शांत होता. "नयनाताई, बाबा सकाळी गेले." मी "बरं" म्हटलं. बरं! इतक्या वर्षांच्या माणसाच्या मरणावर मला तेवढाच शब्द सुचला... आणि मी पुढच्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला. त्याला आता सहा आठवडे होतील, पण त्या शब्दाची लाज अजून जात नाही.

रत्नागिरीतल्या आमच्या छोट्याशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये काका जुने तंत्रज्ञ, आणि मी त्यांच्या हाताखाली आलेली, डिप्लोमाचा तोरा मिरवणारी मुलगी. काचेवर रक्त पसरायचं मला फक्त परीक्षेपुरतं येत होतं. काकांनी माझी पहिली काच उजेडात धरली. "घावन जाड झाला तर आत शिजत नाय, रक्त जाड झाला तर आत दिसत नाय." एक थेंब, दुसरी काच तिरकी, आणि एका दमात पुढे. मध्ये थांबलात की संपलं. शंभरेक काचा वाया घालवल्यावर माझा हात बसला. त्या काचा त्यांनीच धुतल्या. बडबडत धुतल्या, पण धुतल्या.

माझी खरी फजिती झाली ती श्रावणात. बंदरावरचा एक खलाशी तापाने फणफणून आला होता. मायक्रोस्कोपखाली मला तांबड्या पेशींत चकाकती वर्तुळं दिसली आणि मी बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडले, "मलेरिया!" खलाशाच्या बायकोने तोंडाला पदर लावला. काकांनी मला उठवलं, स्वतः बसले, बारीक स्क्रू जरा पुढेमागे केला. "मलेरिया नाय गो बाय. हा पाऊस." दमट हवेत रक्त सावकाश वाळलं की पेशींत अशी वर्तुळं उठतात, आणि कोकणात चार महिने ती नवशिक्यांना फसवतात. काका बाहेर गेले आणि माझ्या वतीने त्या बाईची माफी मागून आले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं.

गेल्या पावसाळ्यात ते जिना चढताना दमायला लागले. हातांवर निळे डाग दिसायला लागले. मी हात धुऊन मागे लागले तेव्हा कुठे त्यांनी रक्त तपासायला दिलं. लॅबच्या डॉक्टरबाई त्या दिवशी चिपळूणला गेलेल्या, लॅबमध्ये आम्ही दोघंच. मी काच रंगवली, पाहिली. मोठाल्या, कच्च्या पांढऱ्या पेशी, नजर जाईल तिथे. रक्ताचा कॅन्सर. मागून काकांनी विचारलं, "काय दिसतंय गो?"

"काही नाही. पावसानं काच बिघडलीय. दुसरी करते."

ज्यांनी शिकवलं त्यांच्याशीच मी खोटं बोलले, तेही त्यांच्याकडूनच शिकलेलं वापरून. ते म्हणाले, "सरक."

ते बसले. मी त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत उभी होते. देवा, यांना दिसू नये, एवढंच मनात होतं. पण काचेवरचं त्यांच्या नजरेतून कधी काही सुटलं होतं का?

"पाऊस तांबड्या पेशीत दिसतो, नयना. ह्या पांढऱ्या." ते सावकाश उठले. "डॉक्टरांना खरा काय ता लिव. पेशंटच्या तोंडाकडं बगून लिवायचा नाय." मला रडू फुटलं तशी डाफरले, "रडू नको. भिंगावर वाफ धरते."

मी डोळे पुसून त्यांच्या जागी बसले, तर सगळं धूसर. काकांचा डावा डोळा अधू. बसताना ते मायक्रोस्कोपच्या डाव्या भिंगाची कडी आपल्या नजरेला फिरवून घ्यायचे आणि त्यांच्यामागून मी माझ्या नजरेला. दिवसातून दहा वेळा, चौदा वर्षं, आणि दर वेळी एकमेकांच्या नावाने कुरकुर. त्या दिवशी मी कडी फिरवली, त्या पेशी पुन्हा पाहिल्या आणि खरं ते लिहिलं. काका पुन्हा लॅबमध्ये आले नाहीत.

आता सकाळी मी मायक्रोस्कोपवर बसते. पहिल्याच नजरेला सगळं स्वच्छ दिसतं. कडीला हात लावावा लागत नाही.