मामाची मांडी आणि उलटी खुर्ची

नांदेडच्या त्या गल्लीत टॅक्सी येऊन पाऊण तास झाला होता आणि आम्ही अजून निघालो नव्हतो. मी पुण्याहून आलो होतो तो माझ्या मांडीमुळे. भाची ओवी चौदा महिन्यांची झाली, लातूरला तिचं जावळ काढायचं ठरलं, आणि जावळ मामाच्या मांडीवरच काढतात. एरवी या मांडीला कुणी विचारत नाही, त्यामुळे मी जरा ताठ्यातच होतो.

ताठा उतरवला माझ्या बहिणीने. सुषमा दवाखान्यात नर्स आहे. तिची ड्यूटी बदलून मिळाली नव्हती, ती संध्याकाळी एसटीने येणार होती. मेहुणे तयारीसाठी आधीच लातूरला गेलेले. म्हणजे ओवीला न्यायचं मी आणि सुषमाच्या सासूबाईंनी, आक्कांनी. सुषमाने मागच्या सीटवर ओवीची खुर्ची पट्ट्याने करकचून बांधली, गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून. ओवीला त्यात बसवलं आणि मला बाजूला घेतलं.

"दादा, रडली तरी खुर्चीत. आक्का काही म्हणाल्या तरी खुर्चीत. मांडीवरून उडालेली लेकरं आमच्याकडं येतात. मी उचलते त्यांना."

मी मान डोलावली. आक्का मात्र गाडीच्या दारात अडून उभ्या होत्या.

"देवाच्या कामाला निघालेलं लेकरू असं पाठमोरं न्हेतात व्हय? अपशकुन हाय ह्यो."

"आक्का, ती नांदेडला टाटा करत चाललीय," मी म्हणालो.

"आन् लातूर कोन बघंल, तिचा मामा?"

ड्रायव्हर गफूरभाई गालात हसले. त्यांनी स्वतःचा पट्टा पाठीमागून आधीच अडकवून ठेवला होता, गाडीने उगाच टूंटूं करू नये म्हणून. अखेर आक्का बसल्या, मी ओवीच्या दुसऱ्या बाजूला बसलो आणि आम्ही निघालो.

लोहा मागे पडलं. दोन्हीकडे काळी रानं, उभी तूर आणि सोयाबीनची काढणी. ओवी मागच्या काचेतून पळणारी झाडं बघत स्वतःशीच गात होती. ज्याचं त्याचं तोंड ज्याच्या त्याच्या दिशेला, असा सुखाचा प्रवास चालला होता. अहमदपूरला स्टँडजवळ थांबलो. मी आणि गफूरभाईंनी भजी आणि तळलेल्या मिरच्यांवर ताव मारला. आक्कांनी बाहेरच्या तेलाला नावं ठेवत मांडीवरचा पितळी डबा उघडला. त्यात धपाटे होते (ज्वारीच्या पिठाची तिखट भाकरीच म्हणा) आणि शेंगदाण्याची चटणी. नावं ठेवून झाल्यावर त्यांनी माझ्यातली दोन भजीही खाल्ली.

अहमदपूर सोडलं आणि ओवीने सूर लावला. खुळखुळा झाला, बिस्कीट झालं, मी मांजरासारखं ओरडूनही पाहिलं. सूर चढतच गेला.

"कामून (कशाला) रडवून राहिले लेकराला?" आक्का म्हणाल्या. "माझी पाच लेकरं मांडीवर वाढली. एक सुदीक पडलं न्हाई. द्या इकडं."

"दोन मिनिटंच हां," मी म्हणालो आणि पट्टा सोडला. माझ्या शब्दाला तेवढीच किंमत होती.

ओवी आक्कांच्या मांडीवर, त्यांच्याकडे तोंड करून बसताच गप्प झाली. मांडीवरचा डबा आता ठेवायचा कुठे? मी तो रिकाम्या खुर्चीत ठेवला आणि गंमत म्हणून त्याला ओवीचे पट्टेही लावले. आक्का पोटभर हसल्या.

चाकूरच्या अलीकडे अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. त्यात तोंड घालून उभी असलेली शेळी एकाएकी आडवी धावली. गफूरभाईंनी ब्रेक मारला. ओवी आक्कांच्या हातांतून सुटली. तिचं झबलं माझ्या मुठीत आलं, पण डोकं पुढच्या सीटला टक्कन लागलंच. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग जोरात रडली. ते रडणं ऐकून मला बरं वाटलं, इतका मी घाबरलो होतो. गफूरभाई छाती चोळत होते, स्टेअरिंग लागलं होतं.

"शेळी मधात आली मामा. काय करू?"

धपाट्यांचा डबा जागचा हलला नव्हता.

आक्कांनी त्या डब्यावरचा पट्टा ओढून पाहिला. मग म्हणाल्या, "काढा त्यो. बसवा लेकराला. उलटं तर उलटं."

गफूरभाईंनीही पाठीमागचा पट्टा काढून पुढे लावला.

ओवी थोड्या वेळात बिस्कीट खात हसायला लागली. तरी मी लातूरपर्यंत तिच्यावरची नजर काढली नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं. आम्ही दोघांनी ते चाचपलं आणि एकमेकांकडे पाहिलं.

"केसांत दिसत न्हाई," आक्का हळूच म्हणाल्या. "सुषमाला कशाला उगं घोर?"

"नाहीच दिसत," मी म्हणालो.

आपण कशासाठी लातूरला चाललोय, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मी नवा सदरा घालून पाटावर बसलो होतो, ओवी मांडीवर, समोर सुषमा आणि सगळे पाहुणे. न्हावीकाकांनी पहिली बट कापली तेव्हा मला घाम फुटला. आक्का ताट हातात घेऊन भिंतीला टेकल्या. थोड्या वेळाने न्हावीकाकांचा हात थांबला.

"हितं टेंगूळ हाय की ओ."

सुषमाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण आक्काच आधी बोलल्या, आणि सुनेपुढे चूक कबूल करताना त्यांना कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"माझ्या मांडीवरून सुटली. मीच मागून घेतली हुती. मामानी धरली म्हणून वाचली."

"खुर्चीतून मीच काढली," मी म्हणालो.

सुषमाने टेंगूळ दोन बोटांनी चाचपलं, ओवीचे डोळे पाहिले, काल उलटी झाली का ते विचारलं. मग म्हणाली, "आधी सांगायचं होतंत." एवढंच. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं.

परतीला गफूरभाईच होते. सुषमा मागे ओवीजवळ बसली, मी पुढे. गाडी सुरू होणार तेवढ्यात मागून आक्कांचा हात माझ्या खांद्यावर आला.

"पट्टा लावा मामा. तुमची मांडी जावळापुरती. ते झालं."

ओवी चकचकीत टक्कल घेऊन लातूरला टाटा करत होती.