रिकाम्या नळीची तपासणी

सुलभा गेल्याचं मला कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. सकाळी डबा भरत होते. मेंदूत रक्तस्राव झाला, हॉस्पिटलात न्यायलाही वेळ मिळाला नाही… खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती आणि सगळ्यांत लांबलचक मजकूर आमच्या साहेबांचा. ‘गुणवत्तेशी कधीही तडजोड न करणारी सहकारी.’ वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडजोड केली नाही म्हणून तर याच माणसाने तिला चार वर्षं पाण्याच्या टाक्या तपासायला धाडलं होतं.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी कित्येक वर्षं शेजारी बसलो. ती कुळगावची, मी चिखलोलीची. काम जीवाणूंचं विष मोजण्याचं. जीवाणू मरतात, पण त्यांच्या कवचातलं विष मागे उरतं आणि रक्तात गेलं की माणसाला थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब कोसळतो. सलाईनमध्ये ते मोजणं सोपं. रक्तात मोजणं कर्मकठीण, कारण रक्तातली प्रथिनं त्याला पोटात घालून बसतात. रक्त किती पातळ करायचं, किती तापवायचं, यावर सुलभाने दीड वर्ष घासलं. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलातून नमुने यायचे. आकडे सुंदर येत होते. साहेब खूश, आता आपलं किट बाजारात येणार म्हणून पेढेसुद्धा वाटून झाले.

तेवढ्यात हिला अवदसा आठवली. “सगळ्यांच्याच रक्तात विष कसं गं? एकदा रिकाम्या नळीला विचारून बघू.” रक्त घ्यायच्या कोऱ्या नळ्यांमध्ये तिने विषमुक्त पाणी भरलं आणि तीच तपासणी केली. त्या पाण्यातही विष निघालं. नळ्या निर्जंतुक होत्या, पण मेलेल्या जीवाणूंचं विष आतून चिकटून होतं. म्हणजे दीड वर्ष आम्ही पेशंटचं रक्त नाही, नळ्याच मोजत होतो!

मीटिंगमध्ये तिने ते सरळ मांडलं. “सर, सगळे आकडे रद्द करावे लागतील. माझंच चुकलं, हे आधी करायला हवं होतं.”

“मॅडम, ये टेस्ट आपसे मांगा किसने था? तुम्ही एकट्याच शहाण्या?” साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “तुमचं काय म्हणणं? पाण्यातच काहीतरी असेल ना?”

ते पाणी मीच तपासून तिला दिलं होतं. स्वच्छ होतं. एवढंच एक वाक्य बोलायचं होतं. पण माझं प्रमोशन त्यांच्या टेबलावर होतं… मी म्हटलं, “असू शकतं, सर.”

सुलभाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती खालच्या मजल्यावर, पाण्याच्या टाक्यांच्या कामाला. पुढे तो प्रकल्प गुपचूप गुंडाळला, पण तिला वर कोणी बोलावलं नाही. डबा मात्र ती माझ्यासोबतच खायची आणि त्या विषयावर चकार शब्द काढायची नाही. कडाकडा भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेराव्यानंतर कुळगावला तिच्या घरी गेले. स्वयंपाकघरात धुतलेले पेले ती ठेवायची तसेच उपडे मांडलेले होते. तिचे यजमान दिलीपराव चहासाठी पेला उचलायला गेले, आत बोट गेलं, तसे तिची शिस्त आठवून थबकले आणि तो पुन्हा धुवून घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “ताई, त्या मीटिंगमध्ये तिच्या बाजूने कोणी बोललं का हो? मी विचारलं की गप्पच बसायची.”

“मी बोलले होते,” मी म्हटलं.

त्या माणसाने मला हात जोडले.

दिलीपराव, ते खोटं होतं. पाणी स्वच्छ होतं आणि ते मला माहीत होतं.