वाल्मिक पेंटरचं अकरा किलोचं पुस्तक

काशीमीऱ्याच्या नाक्यावर दहा ट्रक उभे असले, तर त्यांतल्या चारांच्या पाठीवरचं कमळ वाल्मिक पेंटरच्या हातचं असतं. चाळीस वर्षांपूर्वी तो जालन्याकडून आला तेव्हा खिसा रिकामा होता, पण अक्षर वळणदार होतं, आणि इथल्या गॅरेजवाल्यांनी ते ओळखलं. तेव्हापासून गरुड, मोर, मालकाच्या पोरांची नावं आणि 'हॉर्न ओके प्लीज' ही त्याची रोजीरोटी. हजारो ट्रकांच्या फाळक्यांवर त्यानं जगाला हॉर्न वाजवायची विनंती केली. आणि नात मिळाली ती अशी, की हॉर्न वाजला की कानांवर हात ठेवून भर रस्त्यात खाली बसते. "पेराल तसं उगवतं," त्याची बायको प्रभावती म्हणाली. नवऱ्याला टोमणा मारायची इतकी बिनतोड संधी तिला लग्नापासून मिळाली नव्हती.

नात साक्षी सात वर्षांची. ती चार वर्षांची असताना डॉक्टरांनी तिला ऑटिझम आहे असं सांगितलं. हा शब्द घरात नवीन होता. गावाकडून फोन आले, कुणीतरी म्हणालं, पोरीला नजर लागली. वाल्मिकनं ते तिथल्या तिथं उडवून लावलं. "नजरेचा धंदा माझा आहे," तो म्हणाला. "'बुरी नजरवाले' लिहायचे मी पैसे घेतो. त्यात किती दम आहे ते मला विचारा."

मग सून संचितानं त्याला नीट समजावलं. साक्षीला आवाज, उजेड, गर्दी आपल्यापेक्षा जास्त टोचते. विचारलेल्याचं उत्तर ती देते, पण उशिरा देते. हा काही रोग नाही, तिची घडणच तशी आहे. वाल्मिकला हे लगेच पटलं. डिझेलची गाडी आणि पेट्रोलची गाडी, दोन्ही गाड्याच की, पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरणारा गाढव. आंबेडकर जयंतीच्या चित्ररथाचं काम आजही त्याचंच असतं. पण मिरवणूक निघाली, डीजे सुरू झाला, की तो स्वतः रंगवलेल्या रथाकडे पाठ फिरवतो आणि साक्षीला घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या ओळखीच्या गोडाऊनमध्ये खोक्यांवर बसून राहतो. याबद्दल त्यानं कधी तक्रार केली नाही.

साक्षीच्या दुसरीच्या वर्गात अडतीस मुलं. त्या वर्षी शाळेनं घोडबंदरच्या किल्ल्यावर सहल काढली. काशीमीऱ्याहून घोडबंदर म्हणजे रिक्षानं हाकेच्या अंतरावर, पण शाळेची बस म्हटली की पोरांना तेच काश्मीर. नियम एकच होता. प्रत्येक मुलाला जोडीदार हवा, बसमध्ये शेजारी बसायचं आणि किल्ल्यावर बरोबर राहायचं. जोडी नाही तर सहल नाही.

सहलीच्या दहा दिवस आधी वर्गाच्या दिव्या मॅडमचा संचिताला फोन आला. "मी तीनदा विचारलं हो," मॅडम म्हणाल्या. "साक्षीच्या जोडीला कोण? एक हात वर आला नाही. बाकी सगळ्यांच्या जोड्या झाल्यात."

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. महिन्यापूर्वी वर्गात पिंकी नावाच्या मुलीचा वाढदिवस झाला. सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवत गाणं सुरू केलं, साक्षी किंचाळत उठली, तिचा धक्का टेबलाला लागला आणि केक जमिनीवर उपडा पडला. मुलं काहीही विसरतील, केक विसरत नाहीत.

दिव्या मॅडम मनानं चांगल्या होत्या. त्यांनी सुचवलं की ऑटिझम समजावणारी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं असतात, घरातल्या कुणीतरी गुरुवारी गोष्टीच्या तासाला येऊन वाचून दाखवावं, शनिवारी सहल आहे. साक्षीला शनिवारचं काहीच माहीत नव्हतं असं नाही. तिनं आपली छोटी पाण्याची बाटली आतापासूनच दाराजवळ ठेवली होती, आणि कुणी ती हलवली की परत तिथंच आणून ठेवत होती.

साक्षीच्या बेव्हर्ली पार्कातल्या थेरपी सेंटरमध्ये हंसाबेन अशी पुस्तकं ठेवायच्या. "ले जाव बेटा, पण पानं फाडू नका हां," असं बजावून त्यांनी संचिताला तीन दिली. तिन्ही इंग्रजी. संचितानं सासऱ्याला अर्थ सांगितला आणि वाल्मिकनं चष्मा लावून एकेक चित्र तपासलं.

"ब्रशचं काम चांगलं आहे," तो म्हणाला. "पण हे पोरगं गोंधळ झाला की आपल्या खोलीत जाऊन बसतं. आपण कुठं जायचं, मोरीत?"

"बाबा, ते तिकडचं आहे. मतलब समजून घ्या."

"मतलबच बघायलोय. ह्यात ते पोरगं बर्फात हरवलेलं कुत्रं शोधून देतं, मग सगळे त्याला खेळायला घेतात. ह्या दुसऱ्यात ती पोरगी सगळ्यांना रस्ता दाखवते, मग तिला घेतात. तिसऱ्यात बी तेच. म्हणजे आमच्या पोरीनं आधी कुत्रं शोधायचं, आणि मग तिला शेजारी बसू द्यायचं? कुत्रं नाही सापडलं तर?"

खरं तर हाच प्रश्न संचितालाही तीन वर्षं पडला होता, फक्त तिनं तो असा मोठ्यानं विचारला नव्हता.

"मी काढतो पुस्तक," वाल्मिक म्हणाला. "बिनकुत्र्याचं."

पहिल्या दिवशी त्यानं ड्रॉइंगची वही आणली. इनॅमल पेंट कागदानं असा प्यायला, की सकाळी वहीचा उडदाचा पापड झाला होता. मुलगा लोकेश कुरिअरच्या गोडाऊनमध्ये कामाला होता, तो म्हणाला, "बाबा, स्केचपेननं काढा ना. मी ऑफिसमधून कलर प्रिंट मारून आणतो."

"प्रिंट उन्हात उडतो. माझा रंग पाच पावसाळे टिकतो."

"अहो, वर्गात वाचायचंय, हायवेवर नाही!"

पण चाळीस वर्षं पत्र्यावर चाललेला हात कागदावर येईना. वाल्मिकनं गॅरेजमधून पत्र्याचे आठ तुकडे कापून आणले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि ट्रकच्या बिजागऱ्या लावून पुस्तक बांधलं. भंगारवाल्याच्या काट्यावर ते अकरा किलो भरलं. भंगारवाल्यानं लगेच भावही सांगितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाल्मिकनं त्याला आईवरून शिवी दिली.

सवय जात नाही. पहिल्या पानावर चारी बाजूंनी वेलबुट्टी आली, दोन गरुड आले, आणि खाली झोकदार अक्षरांत आपोआप उतरलं: 'सुरक्षित अंतर ठेवा.'

"बाबा!" संचितानं कपाळावर हात मारला. "पोरांनी अंतर ठेवू नये म्हणून तर सगळा खटाटोप चाललाय!"

वाल्मिक ओशाळला. पण रंग पुसता पुसता त्याच्या लक्षात आलं की अंगाला अंग लागलेलं साक्षीला खरंच चालत नाही. मग त्यानं शेवटच्या पानासाठी ओळ केली: 'जरा अंतर ठेवून बस. पण बस.' संचितानं ती वाचली आणि पदर नसताना ओढणीनं डोळे पुसले.

साक्षी रोज संध्याकाळी शेजारी उभी राहून काम बघायची. पहिल्या पानावरचं स्वतःचं चित्र बघून ती म्हणाली, "ही साक्षी नाही." वाल्मिकनं फ्रॉकचा रंग बदलला. "ही साक्षी नाही." बटणं चार केली. तरी नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रकच्या पाठीवर काढतो तसे टपोरे, समोरच्यावर रोखलेले डोळे त्यानं काढले होते. साक्षी कुणाकडे अशी बघतच नाही. त्यानं डोळे खाली, थोडे बाजूला वळवले. साक्षी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही साक्षी." एवढी दाद त्याला एकाही ट्रकमालकानं दिली नव्हती. त्या दिवसापासून तीच पुस्तकाची मालकीण झाली. रोज दोन्ही हातांनी हळूहळू एकेक पान उघडायची आणि तसंच मिटायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

गुरुवारी वाल्मिक गोणपाटात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन रिक्षात बसला. "चाचा, खिडकी बदल रहे हो क्या?" रिक्षावाल्यानं विचारलं. "किताब है," वाल्मिक म्हणाला. रिक्षावाल्यानं आरसा वळवला आणि शाळा येईपर्यंत गोणपाटावर नजर ठेवली. गेटवरच्या वॉचमननंही हार्डवेअरचं सामान मागच्या गेटनं न्यायला सांगितलं. शेवटी दिव्या मॅडम स्वतः खाली आल्या.

वर्गात टेबलावर पुस्तक उभं राहिलं आणि मुलं "ओऽऽ" करून ओरडली. गरुड सगळ्यांना आवडले. वाल्मिकनं घसा साफ केला, "ही साक्षी," असं वाचलं आणि ऐटीत पान उलटलं.

खण्णण्ण!

वर्गात हशा पिकला. साक्षी कान झाकून बाकाखाली गेली.

वाल्मिकच्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या पानावर त्याच्याच हातानं लिहिलेलं होतं: 'साक्षीला मोठा आवाज सहन होत नाही.' घरी पानं तीच उलटायची, आवाज न करता, आणि गॅरेजच्या ठोकाठोकीत त्याला स्वतःला कधी काही ऐकूच आलं नव्हतं. आवाजावर पुस्तक काढलं आणि पुस्तकच बोंबलतंय! असल्या शहाण्याला ट्रकखाली द्यायला पाहिजे, असं त्याला वाटलं. तो मुकाट्यानं गोणपाट उचलायला लागला.

"थांबा आजोबा," मॅडम म्हणाल्या. "पुढं काय आहे?"

वाल्मिक मुलांकडे वळला. "पोरांनो, चूक माझी झाली. या आवाजाची तुम्हाला गंमत वाटली, तिला तो कानात ठोसा बसल्यासारखा लागतो. आता मला एकट्याला हे जमायचं नाही. दोघांनी येऊन पान उलटायचं. आवाज झाला तर पहिल्यापासून."

मग काय, खेळच झाला. दोन दोन मुलं पुढे यायची, जीभ बाहेर काढून पत्रा तोलायची, बाकीचे श्वास रोखून बघायचे. अडतीस मुलांचा वर्ग इतका चिडीचूप झाला की काही अघटित घडलं की काय म्हणून मुख्याध्यापिका दारात येऊन डोकावून गेल्या. 'साक्षी हात हलवते तेव्हा ती खूश असते.' पान. 'साक्षीचं उत्तर उशिरा येतं. थांबा, येतंय.' इथं लाल सिग्नल काढला होता. पान. 'केक चुकून पडला. साक्षीलाही केक आवडतो.'

"तो माझा होता," पिंकी म्हणाली. "चॉकलेटचा."

"माहीत आहे, बेटा. फार वाईट झालं," वाल्मिक म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पिंकीनं जरा विचार केला आणि मान डोलावली.

शेवटचं पान झालं. मॅडमनी विचारलं, "मग शनिवारी साक्षीच्या जोडीला कोण?"

नऊ हात वर आले. त्यांत पिंकीचाही होता, आणि तो बघून तिची आधीची जोडीदार भोकाड पसरून रडायला लागली. वाल्मिकनं हात दोनदा मोजले. त्याला नाचावंसं वाटत होतं. मॅडम पिंकीचं नाव घेणार, एवढ्यात त्या थबकल्या आणि बाकाखाली वाकून म्हणाल्या, "साक्षी, तुला कोण हवंय?"

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. आजोबानंही नाही.

वर्ग थांबला. मिनिटभर तरी थांबला असेल. मग साक्षी बाहेर आली, नऊही हातांसमोरून सरळ चालत गेली आणि अगदी शेवटच्या बाकाशी उभी राहिली. तिथं रुचिता नावाची मुलगी बसली होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात, वह्या पूर्ण, कधी तक्रार नाही. तिचा हात वर नव्हता. तिचे दोन्ही हात पहिल्या खणखणाटापासून कानांवरच होते, आणि हे ना मॅडमना दिसलं होतं ना वाल्मिकला.

"रुचिता," साक्षी म्हणाली.

"अगं, पण रुचिताला तर..." म्हणत मॅडमनी जोड्यांची यादी उघडली. वरून खाली बघितली, खालून वर बघितली. अठरा जोड्या. छत्तीस मुलं. अडतीसातून एक मूल एकटं उरूच शकत नाही, हा दुसरीच्या पोराला जमणारा हिशेब इतक्या दिवसांत कुणी केला नव्हता. जिनं केक पाडला तिच्यासाठी एक घर, एक थेरपी सेंटर आणि एक शाळा कामाला लागली होती. जिनं कधीच काही पाडलं नाही, ती सहलीला येणार नव्हती हेसुद्धा कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मॅडम लाल झाल्या. वाल्मिक शेवटच्या बाकाशी गेला आणि गुडघे करकरत खाली बसला.

"पोरी," त्यानं हळू आवाजात विचारलं, "माझ्या पत्र्याचा तुला बी त्रास झाला का गं?"

रुचितानं आधी साक्षीकडे बघितलं. मग कानांवरचे हात काढले आणि म्हणाली, "हो. रोजच होतो. सगळ्याचाच."