सर्जाला अंड्याची गोधडी

परवा आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी चाकणच्या पुढं नातीच्या लॅबमध्ये जाऊन आलो. मी ठेवणीतली साडी काढली तर सून म्हणाली, अहो आई, तिथं वळूचं वीर्य तपासतात, लग्न नाही... मी नेसलेच!

आमचा सर्जा खिलार वळू. बैलगाड्याच्या शर्यतीत घाटात पळायचा तेव्हा दिघीपासून माणसं बघायला यायची. आता पाय गेले, गायीवर चढवत नाही. त्याचं एक तरी वासरू दावणीला असावं, एवढीच ह्यांची इच्छा... म्हणून नातीनं त्याचं वीर्य गोठवून ठेवायचं मनावर घेतलं. जनावरांची डॉक्टर आहे ती.

पण गोठवलेलं परत वितळवलं की सगळं गपगार. थंडीनं मरतात म्हणे बिचारे शुक्राणू. सर्जा तरी आता किती वेळा देणार...

तर ते एका पाकात ठेवतात बरं का. साखर, ग्लिसरीन आणि अंड्याचा बलक. बलक म्हणजे त्यांची गोधडीच. या खेपेला पोरीनं त्यात व्हिटॅमिन घातलं, प्रमाण बदलून बदलून. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर तेच बाधतं... आपल्या लोणच्यातल्या मिठासारखं.

पण अंडं म्हटल्यावर आमचे हे बसले रुसून. माळकरी माणूस! आमच्या घरात अंडं उंबरा ओलांडत नाही, सुनेला ऑम्लेटची आठवण आली की ती आकुर्डीला माहेरी जाते. "माझ्या सर्जाला अंडं लावलंस व्हय?" म्हणाले, आणि नातीशी बोलणंच टाकलं. लॅबमध्ये सुद्धा मीच ओढून नेलं.

तिनं आधी जुन्या पाकातला थेंब बारीक मोठं दिसतं त्या मशीनमधून दाखवला. एखाद-दुसरा वळवळत होता, बाकी गार. मग नव्या पाकातला... अगंबाई, काय ती पळापळ! मी मशीन सोडेना, तर ह्यांनी मला बाजूला सारलं.

चष्मा काढून वाकले. किती वेळ बघत होते. मग घाटात गाडा सुटल्यावर म्हणतात ना, तसं पण अगदी हळू म्हणाले... "भिर्रर्र..."

नात म्हणाली, "आबा, पळतायत म्हणून गाय गाभण राहीलच असं नाही हं."

"पळू दे तर आधी. निकाल मागनं लागतो," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलले.

येताना ह्यांनी रिक्षा थांबवून चक्क अंडी घेतली. पोरीला पुढच्या पाकाला लागतील म्हणून. माळ शर्टाच्या आत सारली आणि पिशवी घरापर्यंत मांडीवर धरली, तान्ह्या बाळासारखी.

मी दुसरीत शाळा सोडली, मला त्यातलं काय कळणार... पण एवढासा थेंब जगावा म्हणून जीव टाकणारी नात आमच्या घरात जन्मली, हे फार झालं.

अंडी उंबऱ्याबाहेरच आहेत, गोठ्यातल्या खुंटीला. नात मात्र आत, आबांच्या शेजारी जेवायला बसलीय.