मामीची खरी वाक्यं

चष्म्याच्या दुकानात पुढे आरसे असतात, दिवे असतात आणि गोड बोलणारी माणसं असतात. मागे एक खिडकी नसलेली खोली असते, तिथे काचा घासल्या जातात. माझ्या मामीची बरीच वर्षं त्या मागच्या खोलीत गेली. फ्रेमच्या आकारात चपखल बसेल अशी काचेची कड घासायची, हे तिचं काम. यंत्राच्या चाकावर सतत पाणी पडत राहतं, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं कायम सुरकुतलेली असत. घरी भांड्यांची पाळी आली की ती बोटं मामासमोर धरायची आणि म्हणायची, यांचं आजचं पाणी बघून झालंय. मामा लिफ्ट दुरुस्त करतो. आपणही दिवसभर वर-खाली करून दमलोय, असं पुटपुटत तो भांड्यांना हात घालायचा.

दुकानात पुढे काउंटरवर धाकटी असायची. धाकटी म्हणजे मामीची मावसबहीण. तिला ही नोकरी मामीनेच लावून दिली होती. धाकटीच्या जिभेवर साखर. समोरच्याने आरशात बघायच्या आधीच ती त्याला पटवून द्यायची की ही फ्रेम तुमच्या नाकासाठीच जन्माला आली आहे. दुपारी दोघी मागच्या खोलीत एका डब्यात जेवायच्या. धाकटीचे पाय उभं राहून सुजलेले असत. ती ते काचांच्या खोक्यावर टेकवायची आणि मालकाची नक्कल करून मामीला हसवायची.

मामीला स्वतःचं दुकान काढायचं होतं. जागाही मिळाली होती. नाक्यापलीकडे फोटोंना चौकटी करून देणारे एक काका होते. ते गाळा सोडून मुलीकडे राहायला जाणार होते. त्यांनी मामीला शब्द दिला होता, आणि त्याहून मोठी एक बातमीही दिली होती: गावातले नावाजलेले डोळ्यांचे डॉक्टर आपला दवाखाना त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर हलवणार होते. डोळे तपासून जिना उतरणारा माणूस समोर चष्म्याचं दुकान दिसल्यावर कशाला पुढे जाईल? ही गोष्ट मामीने पोटात ठेवली. फक्त मामाला सांगितली, तीही त्याच्याकडून शपथ घेऊन.

अडचण एकच होती. काचा पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची माणसं फोनवर इंग्रजीत बोलत. मामीला वाचता यायचं, बोलायची वेळ आली की मात्र शब्द सापडत नसत. म्हणून तिने वाचनालयाच्या माडीवर संध्याकाळी भरणारा इंग्रजीचा वर्ग लावला. धाकटी म्हणाली, मीही येते, तेवढीच तुला सोबत.

वर्ग घेणाऱ्या बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर इतरांची बोलणी जोडून दिली, आता जरा स्वतः बोलते, असं त्या म्हणत. त्यांचा एकच नियम होता: वाक्य खरं हवं. पुस्तकातला मुलगा बागेत जातो की नाही याच्याशी आपल्याला काय करायचंय, स्वतःचं सांगा. खोटं वाक्य नुसतं पाठ होतं, खरं वाक्य जिभेवर बसतं.

भविष्यकाळाचा धडा आला तेव्हा बाईंनी फळ्यावर चार खाने आखले. इंग्रजीत पुढचं सांगायची एकच तऱ्हा नाही, त्या म्हणाल्या. फोन वाजला आणि आपण म्हणालो, थांबा, मी घेते. हे आत्ता सुचलं, म्हणून इथे विल. मनाशी आधीच ठरवलेलं असेल तर गोइंग टू. दुसऱ्या माणसाशी बोलून दिवस, वेळ पक्की केली असेल तर चालू वर्तमानकाळ, जणू काम सुरूच झालंय: आय ॲम मीटिंग द डॉक्टर ऑन मंडे. आणि वेळापत्रकातली गोष्ट असेल तर साधा वर्तमानकाळ. ट्रेन लीव्ह्ज ॲट नाइन. गाडीला आपल्या मनाशी काही देणंघेणं नसतं.

मागच्या बाकावरच्या शिंप्याने विचारलं, "बाई, गिऱ्हाइकाला मी कपड्याची तारीख देतो, ती कुठल्या खान्यात?"

"ती कुठेच बसत नाही," बाई म्हणाल्या, आणि सगळा वर्ग हसला.

मग एकेकाने खरं वाक्य सांगायचं होतं. मामीची पाळी आली. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आय ॲम गोइंग टू लीव्ह माय जॉब." बाईंनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या तासाला हेच वाक्य घ्यायचं, शेजारी बसलेल्या धाकटीने प्रश्न विचारायचे आणि मामीने उत्तरं द्यायची, असं ठरलं.

घरी जाताना धाकटीने मराठीत खोदून खोदून विचारलं. मामी म्हणाली, वेळ आली की सांगेन. धाकटीने विषय बदलला.

पण पुढच्या तासाला मामी भडाभडा बोलली. का बोलली, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, इंग्रजीत बोलणं म्हणजे कुणाला काही सांगणं, असं तिला वाटलंच नाही. तिच्या दृष्टीने तो अभ्यास होता. जीभ अडखळत नव्हती, शब्द हवे तेव्हा येत होते, आणि त्या आनंदात कुठे थांबायचं ते राहून गेलं. धाकटीने विचारलं, दुकान कुठे उघडतेस? मामीने नाका सांगितला. जागा कोण देतंय? चौकटीवाले काका. कधी? पुढच्या महिन्यात. तिथेच का? डोळ्यांचे डॉक्टर वरच्या मजल्यावर येताहेत. प्रत्येक उत्तर बरोबर, प्रत्येक क्रियापद आपापल्या खान्यात.

शेवटी बाईंनी सहज विचारलं की एकटीच चालवणार का. मामी जरा थांबली, तिने धाकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "माय सिस्टर विल बी माय पार्टनर." धाकटीने मान खाली घातली. मामीला वाटलं, लाजली.

महिना संपत आला तशी मामी एका दुपारी मोजपट्टी घेऊन गाळ्यावर गेली. यंत्र कुठे ठेवायचं, पाण्याची नळी कुठून आणायची, हे तिला मापून घ्यायचं होतं. आत एक सुतार आधीच मापं घेत होता. चौकटीवाले काका डिंकाचा ब्रश डब्यात फिरवत राहिले, वर बघेनात. तुमचे मालक स्वतः आले होते, ते म्हणाले. लगेच ताबा घेतो म्हणाले, भाडंही जास्त बोलले. मला वाटलं हे तुमच्यातच ठरलंय.

"असं कसं वाटलं तुम्हाला?" मामीने विचारलं.

"तुमची बहीण होती ना त्यांच्याबरोबर."

मामी तिथून थेट घरी आली नाही. संध्याकाळ होती, पाय सवयीने वाचनालयाकडे वळले. वर्गात अजून कुणी आलं नव्हतं. तिचा चेहरा पाहून बाईंनी बसवलं, पाणी दिलं. काय झालं ते मामीने सांगितलं नाही. तिला उभारी यावी म्हणून बाईच बोलत राहिल्या. तुमचा तो संवाद किती छान झाला होता, मी माझ्या दुसऱ्या वर्गालाही त्याचं उदाहरण देते. बहिणीचीही मेहनत होती त्यात. आदल्या दिवशी माझ्या घरी आली होती, सगळे प्रश्न माझ्याकडून तपासून घेतले. कुठे, कधी, जागा कोणाची, तीच का. म्हणाली, ताईला अडखळायला नको.

मामीने पेला खाली ठेवला आणि जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी धाकटी डबा घेऊन नेहमीसारखी मागच्या खोलीत आली. मामीला सगळं समजलंय, हे तिला अजून कळलेलं नव्हतं. तिने पाय खोक्यावर टेकवले. मामी यंत्रापाशीच उभी होती. तिने एकच विचारलं. "प्रश्न बाईंकडून तपासून घेतलेस?"

धाकटीने डबा उघडता उघडता बंद केला. मग म्हणाली, "चुकायला नको होते."

आणि लगेच तिचाच आवाज चढला. "मी काय दाराला कान लावून ऐकलं? भरल्या वर्गात बोललीस तू. मालकांनी त्या गाळ्यातल्या नव्या शाखेवर मला व्यवस्थापक केलंय. खुर्ची आहे तिथे बसायला. हे पाय बघतेस ना रोज?"

"भागीदार म्हणाले होते मी तुला."

"ते तुला तिथल्या तिथे सुचलं, ताई. बाईंनी विचारलं म्हणून. आधी मनात असतं तर घरी जाताना मला सांगितलं असतंस. मराठीत विचारलं होतं मी."

मामाने नंतर मला सांगितलं की धाकटीचं हे बोलणं मामीला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्यातलं अर्धं खरं होतं. त्या दुपारी मात्र तिने यंत्राचं बटण दाबलं. चाक फिरू लागलं, पाणी सुटलं, आणि त्या आवाजात पुढचं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं. धाकटी डबा उचलून पुढे गेली.

शाखा उघडली. मालकांनी मामीला बोलावून सांगितलं की आता दोन्ही दुकानांच्या काचा तूच घासायच्या, काम वाढलंय, पगाराचंही बघू. त्यांना तिच्या बेताबद्दल सगळं माहीत होतं, हे त्यांच्या बोलण्यात कुठेही आलं नाही. तीही हो म्हणाली. शाखेतून चिठ्ठ्या यायच्या, खाली धाकटीची सही. मामी त्या काचाही तितक्याच नीट घासायची. ज्याचे डोळे त्या काचांतून बघणार होते त्याने तिचं काय वाईट केलं होतं? पण तिने वर्ग सोडला. बाई एकदा चौकशीला घरी आल्या, तेव्हा ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मामीची मावशी, धाकटीची आई, लेकीच्या वतीने हात जोडून गेली, तिला मामीने चहा दिला आणि भाजीच्या भावाबद्दल बोलत राहिली.

मी गेलो की विचारायचो, दुसरी जागा बघतेस का. ती माझ्याकडे असं बघायची, जणू मला कुणीतरी माहिती काढायला पाठवलंय.

मग काही महिन्यांनी, एका सोमवारी, मामा कामावर निघायच्या घाईत होता. एक चप्पल पायात होती, दुसरी तो कॉटखाली शोधत होता. मामी रोजच्यापेक्षा कितीतरी लवकर तयार होऊन दाराशी आली. हातात डबा, खांद्याला नवी पिशवी. इतक्या सकाळी कुठे, त्याने विचारलं.

"नव्या कामाला. गावाबाहेर काचांचा कारखाना आहे ना, तिथे. आज पहिला दिवस."

मामा चप्पल शोधायची थांबला. जुन्या दुकानाचं काय? सोडलं, शनिवारी. मुलाखत कधी झाली? झाली मागे. इतकं सगळं ठरवलंस, आणि घरात मला एका शब्दाने बोलली नाहीस? मी काय त्यांच्यातला आहे?

मामीने पिशवी सावरली. बाहेर कारखान्याच्या बसचा भोंगा वाजला.

"आता सांगितलं ना," ती म्हणाली, आणि निघाली.