कुंकवाचं बटण

शहापूरला आमचं छोटं मंगल कार्यालय आहे. पूर्वी बुकिंगची पद्धत साधी होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर कुंकवाचं बोट टेकवायचं. बोट माझं, लक्षात ठेवणं बायकोचं. मग कल्याणला सॉफ्टवेअरच्या ऑफिसात काम करणाऱ्या माझ्या भाचीनं आमच्यासाठी बुकिंगचं सॉफ्टवेअर करायला घेतलं, आणि आपण एक 'ब्रँड' आहोत असा मला शोध लागला.

तिनं आणलेला नमुना सरळ होता. हिरवं बटण, नक्की करा. लाल बटण, रद्द करा.

"हे बँकेसारखं दिसतंय," मी म्हटलं. "आपली ओळख कुठाय यात?"

"मामा, ओळख वर नावात दाखवू. बटणं सगळीकडे असतात तशीच राहू दे. लोकांची बोटं शिकलेली असतात."

पन्नाशीतल्या माणसाला बोटांबद्दल शिकवू नये. मी हुकूम सोडले. मंगल कार्यालयात लाल शुभ, म्हणून नक्की करायला कुंकवाचा ठिपका. 'रद्द' हा शब्द लग्नकार्यात उच्चारायचाच नाही, म्हणून तिथे नुसतं आंब्याचं हिरवं पान. 'तुमची खात्री आहे का?' ही चौकटही काढायला लावली. शुभकार्यात असलं विचारतात का? आणि काहीही दाबलं तरी सनई वाजली पाहिजे. भाचीनं मामीकडे पाहिलं.

"करून दे गो," बायको म्हणाली. "ऐकायचे नाय ते."

पहिलं बुकिंग घरचंच होतं. मुरबाडकडच्या वैशाखऱ्याहून माझा मेव्हणा मुलीच्या लग्नाची तारीख घ्यायला आला. नवरामुलगा आसनगावचा, त्यामुळे आत्याचा हॉल सगळ्यांनाच सोयीचा. मी त्याला शेजारी बसवून नवा कारभार दाखवला. ठिपका दाबला, सनई वाजली. मग शेवटी सगळीकडे दाबतो तसं, सवयीनं हिरवं दाबलं. पुन्हा सनई.

"दोनदा वाजली," मेव्हणा म्हणाला.

"घरच्या माणसाला दोनदा," मी म्हणालो.

लग्नाला पंधरा दिवस उरले असताना एक फुलवाला स्टेजचं माप घ्यायला आला. तारीख तीच, नवरी दुसरीच. त्या लोकांनी मोबाईलवर तारीख मोकळी बघून रीतसर घेतली होती, पत्रिकाही वाटल्या होत्या. त्यांना नाही म्हणणं शक्य नव्हतं.

मी बायकोवर घसरलो. "तूच दाबलं असशील हिरवं, फोन उचलल्यासारखं."

तिनं सरळ भाचीला फोन लावला. कोणी कधी काय दाबलं याची सॉफ्टवेअरमध्ये नोंद राहते, हे मला ठाऊक नव्हतं. फोन स्पीकरवर होता. "मामा," भाची हळूच म्हणाली, "पान तुमच्या नावावर आहे."

बायको हसली असती तर बरं झालं असतं. "पोरीच्या पत्रिकेवर आपल्या हॉलचं नाव छापलंय," ती म्हणाली. "आता माहेरी मी कुठल्या तोंडानं जाऊ?"

"मी जातो."

"जावाच लागंल."

वैशाखऱ्याला मेव्हणा घरालगतच्या शेताच्या कडेला कुंपण बांधत होता. मी ठिपक्यापासून पानापर्यंत सगळं सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. "हॉल नाय तर नाय. शेत मोकळं हाय. मांडव तुमी घालाल?"

मी मान डोलावली.

"पण खुर्च्या हॉलातल्याच पायजेत," लेक म्हणाली. "त्या मखमलीच्या."

मग पत्रिका गेलेल्या प्रत्येक घरी मी फोन केला. प्रत्येकजण विचारी, जागा का बदलली? प्रत्येकाला सांगावं लागलं. शेवटच्या काही घरांपर्यंत ही गोष्ट मला चांगली रंगवता येऊ लागली होती.

त्याच आठवड्यात भाचीनं बटणं बदलली. हिरवं नक्की, लाल रद्द, आणि 'रद्द' असंच लिहिलेलं. खात्री विचारणारी चौकट परत आली. ओळख म्हणून वर आमचं नाव आहे, आणि तारीख नक्की झाली की सनई वाजते. ती बायकोलाही आवडते.

लग्न शेतात झालं, चांगलं झालं. पंगतीत वाढता वाढता मेव्हणा माझ्यापुढे थांबला.

"दाजी, धाकटीच्या टायमाला बुकिंग ताईच करल."

"आणि मी?"

"तुमी भायेर बसा. आल्यागेल्याला चा पाजा."

मी काही म्हणायच्या आत शेजारून बायको म्हणाली, "चालंल."